खुर्चीभोवती

आधी आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली,
पाय कापून,
फरशीवर खडूने मारलेल्या रेघांच्या मधोमध.
खुर्चीत खोब्रागड्यांची मृणाली, डोक्यात हेल्मेट,
हातात स्टिअरिंग म्हणून सायकलची रिम.
"गुडघा वाकव. हात लांब कर. आता हलू नको."
हिंगण्याच्या शेडवर मे महिन्याची दुपार,
कूलर ओल्या वाळ्याचा नुसता वास फेकत होता,
आणि गजू पराते टेप लावून
तिच्या डोक्यावरची हवा मोजत होता.
"तीन इंच," तो म्हणाला,
"एवढी तरी राहू द्या न बाप्पा."

ट्रक नव्हताच अजून.
ताडपत्रीखाली इंजिन होतं,
कळमन्याच्या भंगारातून आणलेला मागचा एक्सल होता,
आणि नळ्या. वीस फुटी, बिनसांध्याच्या,
तेलाने माखलेल्या,
दारातलं ऊन पडलं की हात न लावू देणाऱ्या.

नळीला नळी भेटायची
तर एकीला माशासारखं तोंड उघडावं लागतं,
तेव्हा कुठे ती दुसरीच्या गोलाईला धरते.
कागद गुंडाळायचा, रेघ मारायची, कापायचं,
लावून बघायचं,
फटीतून उजेड दिसला
की पुन्हा कानस.
त्या आठवड्यात मी चाळीस तोंडं कापली,
एकतीस बरी निघाली.
उरलेली दाराशी पडून आहेत,
एकीत गजू सकाळची उदबत्ती खोचतो.

गजूचा बाप मागावर बसायचा, गोळीबार चौकाकडे.
माग विकला, त्या पैशात पहिलं वेल्डिंग मशीन आलं.
एवढंच.
यातून मी काही अर्थ काढू लागलो
की गजू काच खाली ओढतो.

तेराव्या रात्री कर्ण मोजले.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलट.
सहा मिलिमीटरचा फरक.
लोखंड तापताना ऐकतं सगळं,
निवताना स्वतःच्या मनासारखं बसतं.
"चालते," मी म्हणालो, "रंगाखाली कोणाला दिसते?"
मृणालीही म्हणाली चालते,
शर्यतीला उरलेत अठरा दिवस.
गजूने काही न बोलता
ग्राइंडरची पिन लावली.

वाडीला आम्ही दोघं ट्रकच्या बॉड्या बांधायचो.
लाकडाची चौकट, वर पत्रा,
पत्र्यावर मोर, मोराखाली मालकाच्या पोरांची नावं.
एक केबिन कोंढाळीकडून परत आली होती
क्रेनला लटकून.
मोर अख्खा होता.
मोराच्या मागे
वीतभर जागा नव्हती.
चालकाचं नाव मला आठवत नाही.
गजूला आठवतं.
मी विचारलेलं नाही.

तर रात्रभर ठिणग्या.
डोक्यावरची कमान सुटली, दोन तिरक्या सुटल्या,
जॅक लावून चौकट ताणली,
एक टाका इकडे, एक तिकडे,
मध्ये थांबायचं, निवू द्यायचं,
तोवर रांजणातलं पाणी, आणि दूर अमरावती रोडवर
गिअर बदलणारी कुणाची तरी गाडी.
मृणाली पोत्यावर झोपली, हेल्मेट उशाला.
मला वाटलं,
एवढ्या निगुतीने कधी काही केलं नसेल आपण,
आणि इच्छा काय,
तर या कमानीला कधी कामच पडू नये.

पहाटे पुन्हा टेप.
फरक शून्य आला नाही,
एक आला.
गजू बराच वेळ बघत राहिला.
"हा एक माझा," म्हणाला, "राहू दे."

मग बोटाच्या पेराने कमानीवर ठकठक केलं,
कान लावला.
काय ऐकलं, तोच जाणे.

सात वाजता तर्री-पोहे आले.
मृणाली आत जाऊन बसली, कापल्या पायांच्या खुर्चीत,
चार बाजूंनी नळ्या, चाक एकही नाही,
आणि बाहेर निघायचा कंटाळा म्हणून
तिथंच खाऊ लागली.
तर्रीचा एक थेंब उघड्या लोखंडावर पडला.
"अवं पोरी," गजू ओरडला, "गंज धरते न!"
आणि स्वतःच्या बाहीने
पुसत बसला.